हातगुण

नाशिकला समुद्र नाही म्हणून कुणी रडत बसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. गोदावरी आहे, धरणं आहेत, अजून किती पाणी पाहिजे माणसाला? पण माझ्या नवऱ्याला, हर्षलला, घरात समुद्रच पाहिजे होता. लहानपणी शाळेच्या सहलीत डहाणूला पाहिलेला म्हणे, तेव्हापासून डोक्यात बसलेला. देवळाली कॅम्पातल्या कुण्या सुभेदारसाहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपला माशांचा टँक, दिवे, पंप, समुद्रातले दगड असं सगळं काढून टाकलं. ते हर्षलने टेम्पोत घालून पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. खिडकीतलं माझं शिवणयंत्र उठून बेडरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेलं. मी ब्लाऊज शिवते, मला उजेड लागतो, पण त्या समुद्रापुढे माझं कोण ऐकतंय!

आता साधे मासे पाळायचे तर नळाचं पाणी घाला, संपलं. हे खाऱ्या पाण्याचं प्रकरण निराळंच. फिल्टरचं पाणी पिंपात भरायचं, त्यात विकतचं समुद्राचं मीठ घालून लाकडी दांड्याने ढवळायचं, खारटपणा मोजायचा, मग ते ओतायचं. मी आणि आरोही, आमची मुलगी, दोघी हसायचो. 'आई, बाबा आमटी करतात आणि मासे चव बघतात,' असं ती म्हणायची. हर्षल हसायचा नाही. कंपनीत क्वालिटी खात्यात असतो ना, घरीही तसाच. पाणी मुरू दिलं, मग नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आले, काचेवर चिकटून फिरणाऱ्या गोगलगायी आल्या, आणि एक कोळंबी आली. लाल अंगावर पांढरी रेघ, मिशा लांबच लांब. कालवणातली नव्हे, पाळायची.

त्याच उन्हाळ्यात नाना आमच्याकडे राहायला आले. नाना म्हणजे माझे सासरे, पुंजानाना. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. ती आता माझे थोरले दीर, सोमनाथभाऊ बघतात. सासूबाई, कुसाबाई, गेल्या आणि वर्षाच्या आत नानांच्या छातीने काम काढलं. जन्मभर फवारण्या केल्या, तोंडाला साधं फडकं बांधलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, बागेत पाऊल टाकायचं नाही. आता द्राक्षवाल्याला बागेत जाऊ नको म्हणायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा. आमच्या हॉलमध्ये ते पाहुण्यासारखे बसायचे, पंजे गुडघ्यांवर पालथे ठेवून.

त्या पंज्यांबद्दल सांगायलाच हवं. आमच्या निफाडकडे हातगुण फार मानतात. नवी बाग लावायची, जंगली खुंटावर द्राक्षाचं कलम करायचं, तर बाकीची कलमं मजूर करोत, पहिलं कलम पुंजानानांनीच करायचं. लांबलांबून लोक न्यायला यायचे. टोपी-उपरणं द्यायचे, 'नाना, नुसता हात लावून जा,' म्हणायचे. माझा विश्वास होता का? अर्धामुर्धा. पण लग्न होऊन आले तेव्हा वाळायला लागलेली तुळस नानांनी उपटून दुसरीकडे लावली आणि ती भरभरून फुटली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि हर्षलचं उलटं. आरोहीएवढा असताना त्याने हौसेने एक अख्खी ओळ कलमं केली होती. एकही धरलं नाही. नाना चारचौघांत हसत म्हणाले, 'ह्याच्या हाताला गुण नाय रे, ह्याला शाळाच शिकवा.' म्हणणारा म्हणून मोकळा झाला. ह्याने शिकून दाखवलं, नोकरी मिळवली, फ्लॅट घेतला, पण ते वाक्य काही पोटातून गेलं नाही. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात बागेतून फिरताना त्याने मला ती जागा दाखवली होती. 'इथली ओळ माझी होती,' म्हणाला.

नाना घरात आले आणि एक मात्र चांगलं झालं. शाळेला निघताना आरोही वाकायची आणि नाना तिच्या डोक्यावर अख्खा पंजा ठेवायचे. हात कसला, फावडंच! दोन वेण्यांमधला सगळा भांग झाकून जायचा. तेवढं झाल्याशिवाय पोरगी बूट घालायची नाही. रिक्षावाला खाली हॉर्न मारमारून दमायचा.

पावसाळा लागला आणि टँकमध्ये शेवाळ आलं.

आधी वाळूवर नुसती तपकिरी धूळ दिसली. हर्षल म्हणाला, नव्या टँकला हे होतंच, जाईल. ती गेली खरी, पण तिच्या जागी हिरवे धागे आले. केसासारखे, लांब. दगडावर, पंपावर, काचेच्या कोपऱ्यात, जिथे बघाल तिथे. हर्षलने दिव्याचे तास कमी केले, माशांचं खाणं कमी केलं, पाणी बदललं. संध्याकाळी कंपनीतून आला की बाह्या सरसावून ओरबाडत बसायचा. आज काढावं तर उद्या हजर. त्याचे अगदी नाकी नऊ आले.

नाना चार दिवस गप्प बघत होते. मग त्यांना राहवेना. 'आरं, वरून काय ओरबाडतो? मुळापासून उपट. वरून तोडलं का फुटवे जास्त येत्यात.'

'नाना, हे पिकातलं तण नाही.'

'तण ते तणच. सरक तिकडं.'

आणि नानांनी हात कोपरापर्यंत त्या खाऱ्या पाण्यात घातला. माझा एक जुना टूथब्रश मागून घेतला. दगडाच्या खाचेत नख घालून ते एकेक धागा मुळासकट काढायचे आणि वाडग्यात टाकायचे. हर्षलने एवढंच सांगितलं, हाताला साबण नको, तंबाखू नको, जवळ उदबत्ती नको. नानांनी तंबाखू खाल्ली की दोनदा हात धुवायचं व्रतच घेतलं.

मग रोज संध्याकाळी बापलेक टँकपुढे. सासूबाई गेल्यापासून ह्या दोघांचं फोनवर 'बरं हाय ना' आणि 'बरंय' याच्या पुढे काही जात नव्हतं. आता मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. 'पंपाच्या मागं राह्यलं.' 'हं.' 'हा दगड उलटा कर.' 'करतो.' 'नव्या जमिनीत पहिलं वर्ष तणच येतं बाबा, जमीन रुळावी लागती.' 'इथंही तसंच आहे नाना.' एवढंच. पण मला त्यात जगातलं सगळं ऐकू यायचं. तव्यावरची पोळी करपायची आणि मला राग यायचा नाही, आता बोला!

आणि ती कोळंबी. तिची एक खोड होती, पाण्यात हात गेला की ती हळूच येऊन हातावर चढायची आणि नखांच्या कडेचा मळ वेचायची. हर्षलच्या हातावर कधीतरी यायची. नानांच्या हातावर रोज. नानांच्या नखांत जन्माची माती, तिला मेजवानीच झाली. नानांनी तिचं नाव ठकी ठेवलं. 'ठके, ये गं, भूक लागली व्हय?' असं म्हणत ते पाण्यात तळहात उघडून थांबायचे, आणि ती मिशा हलवत यायची. एरवी खोकून हैराण झालेला माणूस तेवढा वेळ खोकायचासुद्धा नाही.

'बघ,' नाना हर्षलला म्हणाले एकदा, 'मुक्या जीवाला कळतो हात.'

 मी पाहिलं, हर्षलने आपला हात पुसला आणि खिशात घातला.

शेवाळाचं मात्र कुत्र्याच्या शेपटासारखं. थोडं हटलं, वाटलं सुटलो, आणि पुन्हा दुप्पट आलं. कंपनीतला एक मित्र घरी आला आणि म्हणाला, 'अरे, समुद्र म्हणालास, हे तर गटार झालं.' हर्षल त्याच्यापुढे हसला. तो गेल्यावर मात्र जेवला नाही. 'वाट बघण्याशिवाय उपाय नाही,' म्हणाला, 'नवा टँक असतो, महिने जातात.'

'वाट बघून कुठं तण जातं का?' नाना मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले. 'पोराचं तोंड उतरलंय गं.' नानांच्या जीवाला ते लागलं होतं. शेवाळाशी त्यांना काय देणंघेणं? पोराचं उतरलेलं तोंड त्यांना बघवत नव्हतं.

गणपतीच्या आधी हर्षल कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला गेला. तेवढ्यात सोमनाथभाऊंनी गावाकडून भाजी पाठवली. कोथिंबीर, वाल, दोडके. पिशवीच्या तळाशी कागदाची एक पुडी होती. ती नानांनी काढून घेतली. मला वाटलं, तंबाखू असेल.

'पूजा, एक चिंधी दे गं. स्वच्छ बघून.'

मी ब्लाऊजच्या लाल अस्तराचा एक तुकडा दिला.

दुसऱ्या दिवशी बघते तर टँकच्या कडेला ती लाल पुरचुंडी दोऱ्याने बांधून पाण्यात सोडलेली. 'नाना, हे काय?' नाना एकदम खुशीत. 'मोरचूद हे. शेततळ्यात शेवाळ माजलं का आपण हेच सोडतो, गोणपाटात बांधून. तळ्यात मासे असत्यात, त्यांना काय होत नाय. हर्षल येईस्तोवर टँक आरशावानी करतो बघ.'

मोरचूद तुम्हाला माहीत असेल, ते निळे निळे खडे. चुना आणि मोरचूद एकत्र करून द्राक्षावर मारतात. आमच्याकडे घराघरात असतं. नानांच्या बागेचा जीव त्याच मोरचुदाने कितीदा वाचवलाय. साबण नको, तंबाखू नको, उदबत्ती नको, सगळं सांगितलं होतं हर्षलने, पण मोरचुदाचं कुणाच्या ध्यानात येणार? मीही म्हटलं, ज्या माणसाने जन्मभर पाणी आणि माती हाताळली त्याला मी शिवणकामवाली काय सांगू!

आणि खरंच हो, शेवाळ गेलं. हिरवे धागे आधी पिवळट झाले, मग दगडावरून आपोआप सुटायला लागले. नाना ते वाडग्याने गोळा करत होते आणि गुणगुणत होते. काच फडक्याने पुसून लख्ख केली. आरोहीला उचलून दाखवलं, छातीत दम नसताना. 'तुझा बाप आला का बघ कसा नाचतो.'

मग गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. वाळूत उताण्या. नाना म्हणाले, पोट भरलं असंल, निजल्या असत्याल. शेवटी ठकी दिसेना. दगडामागे होती, आडवी पडलेली, लाल रंग पार उडून गेलेला. नानांनी हात पाण्यात घातला आणि तळवा उघडून तिच्यापुढे धरला. 'ठके. ए ठके, ये गं.' किती वेळ धरला असेल! माझ्या हातातलं ब्लाऊजचं काम तसंच राहिलं. शेवटी मीच म्हटलं, 'नाना, गेली ती.' तरी त्यांनी हात काढला नाही.

हर्षल संध्याकाळी आला, हातात पुण्याची बाकरवडी. बूट काढायच्या आधीच त्याची नजर टँककडे गेली. क्षणभर त्याचा चेहरा उजळला, मी शपथेवर सांगते, लख्ख काच बघून उजळला. मग त्याला गोगलगायी दिसल्या. मग ती पुरचुंडी. त्याने ती उचलली, दाबली, बोटाला निळं लागलं.

'मोरचूद?'

'हां,' नाना म्हणाले. 'शेवाळ गेलं रे, पण ती ठकी...'

'तांबं आहे हे नाना! तांबं! कोळंबीला, गोगलगायीला हे विष असतं!' हर्षल ओरडला. घरात कधी आवाज न चढवणारा माणूस. मी आरोहीला आत ढकललं. तिथेच थांबला असता तर निभावलं असतं. पण नाही. जिभेला हाड नसतं ना माणसाच्या. पोटात एवढी वर्षं दाबून ठेवलेलं ते वाक्य उलटून बाहेर आलं. 'मला म्हणायचात, ह्याच्या हाताला गुण नाही. चारचौघांत म्हणायचात. आता बघा! कुणाचा हात लागला आणि सगळं मेलं ते बघा!'

 नानांनी आपले दोन्ही पंजे उलटे करून पाहिले, आधी तळवे, मग पाठ. मग हळूच ते सदऱ्याच्या खिशांत घातले.

मी हर्षलला स्वयंपाकघरात ओढून धुऊन काढलं. म्हटलं, जीभ आहे का कात्री? कोळंबी आणता येईल दुसरी. तर तो तिथेच ओट्याला टेकून रडायला लागला. म्हणाला, 'नाही आणता येणार. पाणी बदलता येतं. दगडांत तांबं मुरतं, ते निघत नाही. मासे राहतील, पण त्या टँकमध्ये कोळंबी, गोगलगाय आता कधीच जगायची नाही.' मागे वळून बघते तर नाना दारात उभे. पाणी प्यायला आले होते. तांब्याला हात न लावता तसेच परत गेले.

त्या दिवसापासून नानांनी हात आवरून घेतले. म्हणजे कसे, ऐका. तुळशीला पाणी घालायचे, ते बंद. माझ्यासाठी भाजी निवडायचे, तीही बंद. 'नाना, जरा मेथी घ्या ना,' म्हटलं तर म्हणायचे, 'तूच घे बाई.' कुंडीतला कढीपत्ता वाळला, तर त्याच्याकडे बघून दुसरीकडे तोंड करून बसायचे. नवरात्रात गावाकडचा एक बागवाला, बहिरू, आला, पोराने नवी बाग लावली म्हणून पहिल्या कलमाला न्यायला. गाडी खाली उभी. नाना म्हणाले, 'आता दुसरं कोनी बघा. माह्या हाताचं काय खरं नाय.' बहिरूने पाय धरले, तरी नाही. उपरणं तसंच पिशवीत घालून तो गेला बिचारा.

आणि आरोही. त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती वाकली आणि नाना खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले. छातीशी हात जोडून म्हणाले, 'देव भलं करो.' पोरगी तशीच वाकलेली. 'नाना, हात.' 'इथूनच आशीर्वाद हे बाळा, जा.' रिक्षावाला हॉर्न मारत होता. ती बूट घालून गेली, पण जिन्यातून तिचं नाक ओढणं मला ऐकू येत होतं.

हर्षलने माफी मागितली नाही असं नका समजू. पाडव्याला पाया पडून म्हणाला, 'नाना, रागात बोललो, विसरा.' नाना म्हणाले, 'तू खोटं कुठं बोलला? मला राग नाय रे.' तीच तर पंचाईत होती. राग असता तर कधीतरी निवळला असता. मी एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, 'नाना, पुरे झालं आता हे सोंग!' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मान खाली गेली. 'सोंग नाय गं पूजा,' म्हणाले, 'भ्या वाटतं.'

फेब्रुवारीत आरोहीची स्कॉलरशिपची परीक्षा आली. सकाळी मी तिला तेल लावून घट्ट वेण्या घातल्या. नाना हॉलमध्ये खुर्चीत डोळे मिटून बसले होते. खोकल्याने झोप लागत नसे, मग सकाळी असा डोळा लागायचा. त्यांचा एक हात खुर्चीवरून खाली लोंबत होता. आरोहीने पॅड बाजूला ठेवलं. पावलं न वाजवता गेली, फरशीवर गुडघे टेकले, आणि मान वाकवून आपलं डोकं त्या लोंबत्या हाताखाली हळूच सरकवलं. मी पाण्याची बाटली हातात धरून जागच्या जागी उभी. हर्षल दारात स्कूटरची किल्ली घेऊन. कुणी हललं नाही. मग पोरगी उठली, बूट घातले आणि बापाबरोबर गेली. नानांनी डोळे उघडले नाहीत.

मला वाटलं, झोपलेत. पण नंतर त्यांनी चहा घेतला नाही. नाश्ता नाही. बाल्कनीत जाऊन फाटकाकडे बघत बसले. जेवायची वेळ झाली, मी ताट घेऊन गेले. 'नाना, जेवा.'

'पोर येऊ दे.'

'तिला वेळ आहे अजून. तुमच्या गोळ्या आहेत.'

'तिच्या डोक्याला तेल व्हतं आज,' नाना म्हणाले आणि त्यांनी उजवा तळवा माझ्यापुढे धरला. तेलाने तो चमकत होता. धुतला नव्हता. 'स्कूटरवर गेली का गं ती? हर्षल नीट चालवतो ना? फाट्याव लय ट्रक असत्यात.'

 सकाळपासून तो माणूस तिथे जीव मुठीत धरून बसला होता, आपला हात लागला म्हणून पोरीचं काही होईल या भीतीने. मी ताट खाली ठेवलं आणि त्यांच्याजवळ फरशीवर बसून राहिले. दोघांनी मिळून फाटकाकडे बघितलं.

दुपारी स्कूटर आली. आरोही खालूनच ओरडली, 'नाना, पेपर सोप्पा होता!' नानांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ते हमसून हमसून रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मग हात धुतले आणि गार झालेली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची खुर्ची चपलांच्या रॅकपाशी सरकलेली होती. चहा पिऊन झालेला माणूस, कप अजून गरम, आणि डोळे मिटून बसलेला. हात खाली लोंबता. आरोहीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तेव्हापासून रोज तसंच चालतं. नाना झोपलेले असतात, आणि आरोही गुडघे टेकते. मी तेवढ्यात मिक्सरही लावत नाही. ह्या नाटकाबद्दल घरात कुणी अक्षर बोलत नाही.

मग एक दिवस, आरोही जिना उतरून गेल्यावर, हर्षलने ऑफिसची बॅग खाली ठेवली. पोट सुटलेला माझा नवरा कसाबसा गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपलं डोकं त्या हाताखाली नेलं. बोटांना त्याचे आखूड, राठ केस लागले. नानांनी डोळे न उघडता हात वर घेतला आणि छातीवर ठेवला. हर्षल तसाच मान वाकवून थांबला. खूप वेळ थांबला. मग उठला, बॅग घेतली आणि गेला.

मी त्या दिवशी नानांना सोडलं नाही. 'पोरीला चालतं, मग त्याला का नाही? त्याने माफी मागितली ना तुमची?'

'माफी कशाची गं,' नाना म्हणाले. 'त्याचं माझ्याकडून दोनदा वाटोळं झालं. लहानपणी तोंडानं, आता हातानं. तिसऱ्यांदा नको.'

हे मी हर्षलला सांगितलं. 

टँकमध्ये दोन मासे तेवढे उरलेत. काच लख्ख राहिली, पार उन्हाळ्यापर्यंत. शेवाळाचा मागमूस नाही. मग एक दिवस पंपाच्या कडेला एक हिरवा धागा दिसला. मी टूथब्रश घ्यायला वळले तर हर्षलने माझं मनगट धरलं. 'राहू दे.' मी म्हटलं, वेड लागलंय का? तर त्याने दिव्याचे तास वाढवले. माशांना मूठमूठ खाणं टाकायला लागला. ज्या शेवाळासाठी एवढं रामायण झालं, ते आता तो खत घातल्यासारखं वाढवत होता. मी चार दिवस आदळआपट केली. पाचव्या दिवशी तो नानांना म्हणाला, 'नाना, फार माजलंय हो. मला नाही जमत. जरा बघता का?' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी तोंड बंद केलं.

आता दर संध्याकाळी हर्षल खुर्ची टँकपुढे आणून ठेवतो. नाना येऊन बसतात. टँक हिरवागार. हर्षल बाह्या सरसावतो, हात पाण्यात घालतो आणि मुद्दाम वरवर ओरबाडतो, मुळं तशीच ठेवून. नानांच्या ओठांवर येतं, 'आरं, मुळापासून...' आणि ते तोंड मिटतात. हर्षल पुन्हा तसंच करतो. नाना बघत राहतात. त्यांची बोटं मांडीवर धोतराच्या काठाचा एकेक दोरा धरून उपटत असतात, अगदी मुळापासून, त्यांच्या ध्यानातही नसतं. काठ पार उसवून गेलाय. दर रविवारी मी तो पुन्हा शिवून देते.